फडाची गाडी

राहुटी सगळ्यांत शेवटी चढवायची आणि सगळ्यांत आधी उतरवायची. तमाशाच्या गाडीवर क्लिनर म्हणून लागलो, तेव्हा म्हाताऱ्या ड्रायव्हरनं शिकवलेली ही पहिली गोष्ट. मी म्हणालो, आधी स्टेज उतरवू, लोक स्टेज बघायला येतात. ते म्हणाले, "रातभर नाचलेल्या बाईला पाठ टेकायला जागा लागती. लेकराला अंगावर घ्यायला आडोसा लागतो. तुझं स्टेज दुपारी लागलं तरी चालतंय."

म्हणून हौद्यात तळाला लोखंडी खांब, त्यावर स्टेजच्या फळ्या, मग कनातींचे गठ्ठे, पडदे, कपड्यांच्या पेट्या, स्वयंपाकाची भांडी आणि अगदी फाळक्याजवळ राहुट्या. या सगळ्यावर माणसं. ढोलकी मात्र हौद्यात कधीच ठेवली नाही. ती केबिनमध्ये, माझ्या सीटमागं, गोधडीत गुंडाळलेली असायची. दवानं चामडं सैल पडतं, आणि ढोलकी उतरली की फड उतरला.

मी जुन्नर तालुक्यातला. १९७९ साली, सतराव्या वर्षी गाडीवर चढलो, १९८४ पासून स्टेअरिंगवर बसलो आणि २०२० साली उतरलो. दोन फड, चार गाड्या. माझ्याजवळ डिझेलच्या हिशोबाच्या अकरा वह्या आहेत. मालकाला हिशोब द्यायचा म्हणून लिहायला लागलो आणि मग हळूहळू त्यात बाकीचंही उतरत गेलं: कोणत्या गावात गाडी वळवायला जागा आहे, विजेच्या तारा कुठं खाली आल्यात, पाणी कुठं मिळतं, पावसात मैदान कसं राहतं. तमाशावर लिहिणारे जाणते लोक शाहिरांच्या बाडांवरून लिहितात. मी माझ्या वह्यांवरून लिहितो आहे, कारण रस्त्याचा हिशोब त्या बाडांत नाही.

तमाशाचा इतिहास सांगताना पेशवाईतले राम जोशी आणि होनाजी बाळा, मग सावळजचे उमाजी, मग पठ्ठे बापूराव आणि पवळा, असा क्रम सांगतात. तो बरोबरच आहे. पण ही माणसं या गावाहून त्या गावाला गेली कशी? ढोलकी कुणी उचलली, दिव्याचं तेल कशात नेलं, पावसात कुठं थांबली? पहिल्या फडातले आमचे सरदार, म्हणजे फडाचे म्होरके, ऐंशीला टेकले होते. प्रवासात ते केबिनमध्ये माझ्याशेजारी बसायचे, आणि मी त्यांना हेच विचारायचो.

ते सांगायचे, त्यांच्या लहानपणी फड म्हणजे बारा-पंधरा माणसं आणि एक बैलगाडी. गाडीत पेटी, दिवे, म्हातारी माणसं आणि लेकरं. बाकीचे गाडीमागं चालत. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज ही सगळी खांद्यावर मावणारी वाद्यं. बैलजोडी एका दिवसात सात-आठ कोस चालणार, त्यापुढं नाही. म्हणून फडाचा मुलूख ठरलेला. एका खोऱ्यातली, एका देवाच्या वाटेवरची गावं. खेळ व्हायचा पारासमोर किंवा चावडीपुढं. उजेडाला आधी पलिते, नंतर गॅसबत्त्या. बिदागी धान्यात, कधी रोख.

हे ऐकताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. तमाशात सोंगाड्या स्टेजवर एक फेरी मारतो आणि राजा काशीला पोचतो. तिथं ना महाल असतो, ना झाड, ना सिंहासन. शिकलेली माणसं याला लोकनाट्याची शैली म्हणतात. ती शैली आहेच, पण माझ्या मते ती बैलगाडीनं घडवली. जे गाडीत मावत नाही, ते खेळात ठेवायचं नाही. मग महाल शब्दांत उभा करायचा आणि घोडा ढोलकीवर पळवायचा.

पाण्याचंही सांगतो. फडातली बरीच माणसं मांग, महार, कोल्हाटी समाजातली. गावानं रात्रभर त्यांच्या कलेला टाळ्या द्यायच्या आणि सकाळी विहिरीपासून लांब उभं करायचं, हे सरदारांनी भोगलेलं होतं. कुणी वरून ओतेल तेव्हा ओंजळीनं प्यायचं. मी गाडीवर लागलो तेव्हा दोन पत्र्याचे ड्रम कायम भरलेले असत. रस्त्यात नळ दिसला की सरदार गाडी थांबवायला लावायचे, ड्रम अर्धे भरलेले असले तरी. तो धाक होता, पन्नास वर्षांपूर्वीचा. माझ्या वह्यांत प्रत्येक गावापुढं पाण्याची नोंद आहे, ती त्यांच्यामुळं.

१ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. त्यानंतर लहान फड एस.टी.नं हिंडू लागले. पेट्या टपावर आणि ढोलकी मांडीवर. मग १९५४ पासून टाटा-मर्सिडीजचे ट्रक जमशेदपूरहून निघायला लागले, आणि पुढच्या दहा-वीस वर्षांत तमाशाचं रूप पालटलं. ट्रक आला म्हणून कनात आली. कनात आली म्हणून तिकीट आलं, कारण चहूबाजूंनी कापड उभं केल्याशिवाय तिकीट कुणाला विकणार? तिकीट आलं म्हणून स्टेज उंच झालं, जनरेटर आला, माइक आला, वगासाठी रंगवलेले पडदे आले. बारा माणसांचा फड शंभराचा झाला. त्याच काळात तुकाराम खेडकर, दत्ता महाडिक, भाऊ-बापू मांग नारायणगावकर, काळू-बाळू, विठाबाई, कांताबाई सातारकर ही नावं जिल्ह्याच्या सीमा ओलांडून महाराष्ट्रभर गेली. गळा आणि पाय त्यांचेच होते, अंगात कला होती. पण नारायणगावची विठाबाई नांदेडकडच्या शेतकऱ्याला ऐकायला मिळाली, ती चाकांमुळं. हे मी अभिमानानं लिहितो.

आमच्या पहिल्या फडात पाच गाड्या होत्या. दोन सामानाच्या, एक जनरेटरची, एक माणसांची आणि एक जाहिरातीची जीप. मॅनेजर दोन मुक्काम पुढं असायचा. जागा बघणं, ग्रामपंचायतीचा दाखला, पोलीस परवाना, सगळं त्याच्याकडं. सामानाच्या पहिल्या गाडीच्या केबिनमध्ये पत्र्याची एक पेटी होती. त्यात आरसी बुक, परमिट, विम्याचा कागद आणि त्यांच्याच खाली परिनिरीक्षण मंडळाचा शिक्का असलेल्या वगाच्या संहिता. स्वातंत्र्याच्या सुमाराला बाळासाहेब खेर यांच्या सरकारनं तमाशावर काही काळ बंदी घातली होती आणि ती अटींवर उठवली. तेव्हापासून तमाशाला कागद चिकटले ते चिकटलेच. नाक्यावर अडवलं की मी पेटी उघडायचो. एकदा एका हवालदारानं गाडीचे कागद बाजूला सारून वगच वाचायला घेतला. पाऊण तास वाचला आणि काही न घेता गाडी सोडली.

वर्षाचा रस्ता ठरलेला. दसऱ्याला नारळ फुटायचा. दिवाळीपासून पुढं मराठवाडा, खानदेश, वऱ्हाड. तिकडं कापूस-ज्वारीचा पैसा हातात आलेला असतो. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची जत्रा. त्याच महिन्यात सारंगखेड्याचा घोडेबाजार. मग पुसेगाव, आणि पौषात पाल. माळेगावला एकाच माळावर अनेक फड लागायचे. कनातीला कनात लागून, आणि एकाची ढोलकी दुसऱ्याच्या गौळणीत ऐकू यायची. त्या चढाओढीत कलावंत असे पेटायचे की आम्ही ड्रायव्हर लोकसुद्धा झोप सोडून कनातीजवळ उभे राहायचो. मग गुढीपाडव्याच्या आधी सगळ्या गाड्या नारायणगावला परत. पुणे-नाशिक रस्त्यालगत एकेका फडाची राहुटी लागायची. गावोगावचे पंच यायचे, राहुटीत बसून सुपारी ठरवायचे. चैत्र आणि वैशाख यात्रांचे. अक्षय्य तृतीयेची तारीख तर मोठ्या फडांकडं कधीच रिकामी नसायची.

सुपारीचा खेळ तिकिटाच्या खेळापेक्षा वेगळा. रात्री तमाशा झाला तरी फड लगेच निघत नाही. सकाळी हजेरी असते. देवळासमोर कलावंत पुन्हा उभे राहतात, गावकरी फेटे बांधून बसतात, गाणी होतात, दुपारी कुस्त्यांचा आखाडा लागतो. हजेरी संपली की गाडी भरायची आणि संध्याकाळच्या आत पुढच्या यात्रेला पोचायचं. वैशाखाचं ऊन, तापलेला पत्रा, त्यात नव्वद-शंभर किलोमीटर. जागा नसली तर कलावंतांनी तोंडाला रंग गाडीतच लावायचा. मी आरशात बघायचो, हौद्याच्या कडेला बसून मावशीचं काम करणारा गडी लुगडं नेसायला लागलेला असायचा.

आता झोपेचं सांगतो. ड्रायव्हरच्या दृष्टीनं तमाशाच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा बदल तोच आहे.

जुना तमाशा रात्रभर चालायचा. दहाला जेवणं आटोपून लोक यायचे. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी, मग मध्यरात्री वग सुरू, आणि तो पहाटेला संपायचा. लोकांना हे लांबलचक का चालायचं? कारण माणसं पाच-सहा कोसांवरून बैलगाड्या जुंपून आलेली. अंधारात परत कुठं जाणार? उजाडेपर्यंत त्यांना आसरा हवा असायचा, आणि तो आसरा तमाशा होता. त्याच रात्री मी झोपायचो. साडेनऊला केबिनमध्ये आडवं व्हायचं ते चारपर्यंत. पहिल्या वर्षी ढोलकीच्या आवाजानं झोप येईना. दुसऱ्या वर्षापासून ढोलकीशिवाय झोप येईना. वगाच्या शेवटी हलगी चढली की आपोआप जाग यायची. तोंड धुवायचं, चहा घ्यायचा. गडी खुंट्या उपटायला लागलेले असायचे. उजाडताना गाडी निघायची, तेव्हा रात्रभर जागलेली माणसं मागं झोपलेली आणि रात्रभर झोपलेला मी पुढं जागा. असा तो मेळ होता. तो कुणी बसून ठरवलेला नव्हता, पिढ्यान्‌पिढ्या बसत गेला होता.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचं पक्कं केलं. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट. नियमामागचं कारण मला मान्य आहे. आजारी माणसाला, अभ्यासाच्या पोराला शांतता हवी. पण त्या नियमानं वग कापला गेला, हे सगळे बोलले. ड्रायव्हरचं कुणी बोललं नाही. कुठं दहाला, कुठं बाराला खेळ बंद व्हायला लागला. तोपर्यंत माझी झोप झालेली नाही. दोन तासांत गाडी भरायची, कारण रात्री मैदानावर थांबून करायचं काय? आणि दोनला रस्त्याला लागायचं. रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ गाडी चालवायला सगळ्यांत वाईट असते, कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. आधी माझ्यामागची माणसं बिनघोर झोपायची. आता फडातल्या मावशी केबिनमध्ये येऊन बसायला लागल्या आणि मला झोप लागू नये म्हणून जुने सवाल-जवाब म्हणायला लागल्या. स्टेजवरून कापलेले वग मी असे केबिनमध्ये ऐकले, आळेफाटा ते माळशेज, माळशेज ते मुरबाड.

अपघात म्हणावा असा प्रसंग मात्र त्याच्या आधीचा, रात्रभराच्या काळातलाच. १९९१ चा जानेवारी. कन्नडचा घाट चाळीसगावकडं उतरत होतो. धुकं होतं. मागं सामानावर बावीस माणसं. तिसऱ्या वळणाला ब्रेकचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये दाबली, ती घेईना. मग डावीकडं डोंगराला घासत नेली. फाळका, आरसा, एक पाटा, टायर, सगळं गेलं, पण गाडी उभी राहिली. क्लिनरनं उडी टाकून चाकाला दगड लावला. मागं कुणी ओरडलं नाही. एकदम शांत. मला वाटलं, सगळं संपलं. उतरून बघतो तर सगळे एकमेकांना धरून बसलेले, आणि मधे कपड्यांच्या दोन पेट्यांमध्ये लुगड्याच्या झोळीत सहा महिन्यांचं मूल झोपलेलं. हौद्याच्या आडव्या दांड्यांना झोळी बांधायची रीतच होती. ती झोळी फक्त हलत होती.

त्या रात्री चाळीसगावला खेळ झाला. सगळे उभे राहिले. पण फडाच्या मालकीणबाईंनी त्या हंगामात दागिने मोडून जुनी बस घेतली. मालाच्या गाडीत माणसं बसवणं कायद्यात नव्हतंच, नाक्यावर दंड भरतच होतो. बाईंनी मात्र बस दंडासाठी घेतली नाही. त्या झोळीसाठी घेतली.

विठाबाईंची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दिवस भरलेले असताना त्या स्टेजवर उभ्या राहिल्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा लोकांसमोर आल्या. लोक ती त्यांच्या धीराची म्हणून सांगतात, आणि तो धीर होताच. मी ती ऐकतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं दुसरी सकाळ येते. त्या बाईला आणि त्या एका रात्रीच्या बाळाला कुणीतरी गाडीत बसवलं असेल. खाली काय अंथरलं असेल? ड्रायव्हरनं खड्डे कसे चुकवले असतील? आमच्या फडातल्या तीन ओल्या बाळंतिणी मी नेल्या आहेत. त्या दिवसांच्या पानावर डिझेल जास्त लागलेलं आहे, कारण गाडी मी बैलगाडीच्या चालीनं नेली.

कर्जाचंही लिहायला हवं. ट्रकनं तमाशा मोठा केला आणि ट्रकनंच तो सावकाराच्या दारात नेला. बैलगाडीच्या फडाला बैलांचा चारा लागायचा. पाच गाड्यांच्या फडाला डिझेल, टायर, टॅक्स, विमा आणि शंभर माणसांचं दोन वेळचं जेवण, खेळ होवो न होवो. त्यात कलावंतांची उचल. पावसाळ्यात काम नाही, म्हणून माणसं मालकाकडून उचल घेतात आणि पुढच्या हंगामाला बांधली जातात. मालक ती उचल सावकाराकडून आणतो. तारण काय? गाडीचे कागद. माझ्या पेटीतलं आरसी बुक पावसाळ्यात पेटीत नसायचं. अवकाळी पाऊस पडला, गावात भांडण झालं, आचारसंहिता लागली की दिवस खाडा. एका हंगामात मी लागोपाठ नऊ खाडे लिहिले आहेत. मालकीणबाईंनी त्या नऊ दिवसांत एकदाही चूल थांबू दिली नाही.

पावसाळ्यात गाडी नारायणगावच्या टोमॅटो बाजारात लावायचो. कनातीच्या जागी क्रेट. हौदा धुतला तरी लाल डाग राहायचे, आणि दसऱ्याला नव्या कनातीवर उठायचे. कलावंत कुणी शेतमजुरीला, कुणी मुंबई-पुण्याच्या थिएटरांत. दसरा जवळ आला की ढोलकीवाले बाजारात यायचे, गाडीच्या टपावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "पाव्हणं, तेल बदला."

वह्यांतली शेवटची नोंद १८ मार्च २०२० ची आहे. नारायणगाव, डिझेल १२० लिटर, टाकी पूर्ण. पाडवा २५ तारखेला होता आणि त्याच दिवशी देश बंद झाला. सुपाऱ्या ठरलेल्या, विसार घेतलेले, उचली वाटलेल्या. यात्रा एकामागून एक रद्द झाल्या. पंच फोन करून विसार परत मागायला लागले. काहींनी मागितला नाही, त्यांची गावं मी वहीत वेगळी लिहून ठेवली आहेत. अक्षय्य तृतीया २६ एप्रिलला आली आणि गेली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. २०२१ च्या मे महिन्यात संगमनेरला कांताबाई सातारकर गेल्या, करोनानंच. त्यांच्या फडाच्या गाड्या रस्त्यात भेटल्या की आम्ही हॉर्न द्यायचो आणि त्यांचे ड्रायव्हर उलटून द्यायचे.

भरलेली गाडी दीड महिना उभी होती. टाकीतलं डिझेल तसंच. २०२० च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मालकीणबाई आल्या, म्हणाल्या, "भाऊ, ते काढून विका." मी नळी लावून कॅन भरले. गावातल्या ट्रॅक्टरवाल्यानं घेतलं, मोजून, पूर्ण भावानं. त्या पैशाचे गहू, तांदूळ, डाळ आणि तेल आणलं, आणि राहुटीत अडकून पडलेल्या एकेचाळीस माणसांना वाटलं. आधी बाळंतीण, मग म्हातारी माणसं, मग बाकीचे. ढोलकीवाले दादा सगळ्यांत शेवटी आले, पिशवी पुढं केली आणि विचारलं, "गाडीत थोडं तरी ठेवलंय ना?" मी म्हणालो, ठेवलंय, पाच लिटर. राहुट्या उतरवायला गाडी पुढं घ्यावी लागेल तेवढं.